पावसाळ्याची बेगमी

पन्हाळगडावर जे वाचक जाऊन आले असतील त्यांनी तेथील अंबरखाना पाहिलाच असेल. गंगा, यमुना व सरस्वती अशी नद्यांची नावे दिलेली ही तीन प्रचंड धान्यकोठारे होत. त्यांत गंगा सर्वांत मोठी; तीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. दार लावून घेतल्यावर आत किती दिवस निभाव लागेल, हा प्रश्न गडकऱ्यांस प्रथम सोडवावा लागे. १६६० साली सिद्दी जौहराने ह्या गडास जो वेढा घातला तो उन्हाळा सरून पाऊस कोसळू लागला तरी उठला नाही, आणि जुलै महिन्याच्या ऐन पावसात शिवाजी महाराजांस रात्रीच्या अंधारातून विशाळगडाची वाट धरावी लागली, ही हकीकत आपणा सर्वांस ठाऊकच आहे.

गडास वेढा पडे तो शत्रूचा. पन्हाळ्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्या घरांस दरवर्षी वेढा पडतो तो पावसाचा. गड समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच. खालच्या वाड्यावस्त्यांवरही धुके उतरते, वाटा चिखलाने भरतात, आणि दिवेलागणीच्या आधीच घराचे दार ओढून घ्यावे लागते. म्हणून शहाणी गृहिणी वैशाखातच बेगमीस लागते. जळण रचून झाकले जाते, शेणी वळचणीखाली येतात, वर्षाची चटणी कुटून होते, डाळी भरडून डब्यांत जातात, गुरांची वैरण माळ्यावर चढते. ह्या कामात आपल्या भगिनींस कोणी काही शिकवावे असे नाही.

तथापि एका गोष्टीची बेगमी पुष्कळ घरी होत नाही, आणि ती म्हणजे संध्याकाळची. अन्न आहे, सरपण आहे, डोक्यावर छप्पर आहे. परंतु सात वाजल्यापासून निजेपर्यंतच्या वेळात घरातील माणसांनी एकमेकांशी काय करावे हे कोणी ठरविलेले नसते. पूर्वी हा वेळ कधी गप्पांत, कधी भांडणात व कधी नुसत्या पेंगण्यात जाई. हल्ली तो मोबाईलात जातो. एका सोप्यात पाच माणसे बसलेली असतात आणि ती पाच ठिकाणी असतात. आम्ही त्या यंत्राचे शत्रू नाही. दूरच्या लेकीचा चेहरा त्यात दिसतो ही लहान गोष्ट नव्हे. पण पावसाने वीज गेली आणि ते यंत्र मिटले, म्हणजे त्या पाच जणांस एकमेकांपाशी बोलण्यासारखे काही उरलेले नाही असे जेव्हा दिसून येते, तेव्हा मनास चुटपुट लागते. ह्या पाठात आम्ही त्याच वेळेचा विचार करणार आहो.

"छंद" हा शब्द उच्चारला की आपली माणसे हसतात. आम्हा कष्टकऱ्यांस कोठले छंद, ते शहरातल्या लोकांनी करावेत, असे म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पावसाळ्याचे चार महिने शेतकरी रिकामा असतो ही कल्पना ज्यांनी भाताची रोपलावण कधी केली नाही त्यांची आहे. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून जी बाई घरी येते तिला रंगाची पेटी व कागद देऊन "काही सुंदर निर्माण कर" असे सांगणे ही थट्टाच होय. परंतु ज्यांना आपण छंद म्हणत नाही अशी कित्येक कामे आपल्या घरांत पूर्वापार चालत आलेली आहेत. त्यांत हात गुंतलेले असतात, जीभ मोकळी असते, आणि अखेरीस डोळ्यांपुढे एक वस्तू उभी राहते. पुरुष घायपाताच्या वाखाचा किंवा अंबाडीचा दोर वळतात, कासरे व दावी करतात, शिंकी विणतात. ज्यांस कळकाचे काम साधते ते बुट्टी बांधतात किंवा फाटके इरले दुरुस्त करतात. मुले मातीचे बैल करतात. ह्या सर्वांहून आम्हास जी अधिक महत्त्वाची वाटते ती वस्तू म्हणजे वाकळ.

पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिलाच आपण वाकळ म्हणतो; बेळगावाकडे तीच कौदी होते. बंगाल्यात जुन्या साड्या एकावर एक ठेवून अशाच शिवतात व तिला कांथा हे नाव आहे. मूळ युक्ती सर्वत्र एकच: जे कापड एकेकटे अंगावर धरवत नाही, ते दहा थरांनी एकत्र आले म्हणजे पुढची दहा वर्षे ऊब देते. वाकळ कशी करावी हे जुन्या बायांस विचारल्यास त्या "त्यात काय आहे सांगण्यासारखे?" असे म्हणतात, आणि त्या गेल्या म्हणजे मग घरात कोणासच ते माहीत नसते. यासाठी येथे जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम कापड निवडावे. नऊवारी लुगड्याचे चार समान तुकडे केले तर प्रत्येक सव्वादोन वार, म्हणजे पावणेसात फूट, भरतो. दोन-दोन तुकडे काठास काठ लावून जोडले म्हणजे एक वरचे व एक खालचे अशी दोन अस्तरे निघतात. मधला भाग विरला असेल तर तेवढाच काढून टाकून दंड घालावा. आत भरावयास धोतरे, सदरे, मुलांची झबली, काहीही चालते. मात्र शिवणी, गुंड्या व काज कापून टाकावेत, नाहीतर निजणाऱ्याच्या पाठीस ते रुततात. येथे आजच्या काळाची एक अडचण सांगितली पाहिजे. हल्लीच्या पुष्कळशा साड्या सुती नसतात. त्या पॉलिस्टरच्या असतात. त्या दिसावयास सुंदर व टिकावयास चिवट, पण घाम शोषीत नाहीत, शिवताना सुईखालून निसटतात, आणि ठिणगी उडाली तर वितळून अंगास चिकटतात. म्हणून अंगाकडची बाजू तरी सुतीच ठेवावी, व नुसत्या पॉलिस्टरची वाकळ लहान मुलाच्या अंगावर किंवा चुलीपाशी वापरू नये.

दुसरी गोष्ट, सर्व कापड उन्हाळ्यातच धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवावे. दमट चिंधी आत गेली की वाकळीस वास येतो व तो जात नाही. म्हणूनच आम्ही ह्या कामास बेगमी म्हणतो. शिवणे पावसाळ्यातील असले तरी त्याची तयारी वैशाखातील आहे. ज्या घरी हे गाठोडे आधीच बांधून खुंटीवर अडकविलेले असते त्या घरी आषाढात वाकळ सुरू होते. इतर घरी नुसती बोलाचाली होते.

मग सोपा झाडून, खालचे अस्तर जमिनीवर ताणून पसरावे आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवावे. पाटा, वरवंटा, तांब्या, जे हाताशी असेल ते. त्यावर आतले तुकडे एकमेकांवर बोटभर चढवीत मांडावेत. चुणी राहू देऊ नये. आज राहिलेली चुणी जन्मभर राहते. वर दुसरे अस्तर घालून लांब लांब कच्चे टाके घ्यावेत, कडा आत मुडपाव्यात, आणि नंतर एका कडेने धावदोरा घालीत चहूकडून फिरत फिरत मध्याकडे यावे. ओळी बोटभर अंतराने पडाव्यात. दोरा हातभराहून फार लांब घेऊ नये, त्याला गुंता होतो. मेणाच्या गोळीवरून एकदा ओढला तर गाठी कमी पडतात. डाव्या तळहाताने कापड सारखे सारवीत जावे. मध्यावर पोहोचेपर्यंत आपले काम किती सरळ होते हे कळत नाही. मध्यावर जो लहानसा चौकोन उरतो त्याचा आकार सगळे सांगतो, आणि तो वाकडा निघाला तर हसावे, उसवू नये.

वाकळीत दुसरेही काही असते. कोल्हापुरी थंडीत ती पांघरून निजलेले मूल बोटाने ठिगळे मोजते व विचारते, हे निळे कोणाचे? हे आजोबांच्या सदऱ्याचे. हे फुलाफुलांचे? ते तुझ्या आत्याच्या परकराचे. ती शाळेत जात असे तेव्हाचे. आपल्या घरांत जुनी चित्रे नसतात, वंशावळीचे कागद नसतात. कित्येक घरांत आजोबांचा म्हणून तेवढाच एक सदऱ्याचा तुकडा उरलेला असतो. बाजारातील दोनशे-तीनशे रुपयांचे पांघरूण ऊब देईल, आणि गरजेस ते अवश्य घ्यावे. पण त्याजवर मुलास काही विचारता येत नाही.

येथपर्यंत लिहून आम्हास थांबावे लागते, कारण आमच्याच घरी घडलेली एक गोष्ट आठवते. काही वर्षांपूर्वी हेच विचार डोक्यात घेऊन आम्ही घरी जाहीर केले की यंदा बाहेरून काही आणावयाचे नाही, दोन वाकळी घरीच होतील. उत्साह आमचा होता. कापड जमविले आम्ही, गोष्टी सांगितल्या आम्ही, आणि रात्री दहानंतर भांडी आवरून सुई हाती घेतली ती मात्र घरातील बायकांनी. आठ दिवसांनी वडीलधाऱ्या आजीबाईंनी आम्हास एकाच वाक्यात उत्तर दिले: "हौस तुमची हुतीया, अन् पाठ आमची मोडतीया." आम्ही निरुत्तर झालो, आणि अजूनही त्यास उत्तर सापडलेले नाही.

म्हणून ह्या विषयावर जे काही लिहिले जाते त्यात आम्हास एक दोष दिसतो तो उघड सांगतो. साध्या घरगुती जीवनाची स्तुती बहुधा ज्याला भांडी घासावी लागत नाहीत तो करतो. घरी दळलेले, घरी शिवलेले, घरी रांधलेले असे सर्व गोड शब्द एकत्र केले तर त्यांखाली एकाच माणसाचे हात सापडतात. हातकामास घराचा आनंद म्हणावयाचे असेल तर आधी घरातील कामाची वाटणी झाली पाहिजे. ज्या रात्री वाकळ पसरावयाची त्या रात्रीची भांडी मुलग्यांनी व पुरुषांनी घासावी. चूल सारवणे, पाणी भरणे, लहान मुलास निजविणे ही कामे त्यांनी उचलावी. पुरुषाने सुई हाती धरली तर काही बिघडत नाही. पुष्कळ शिंपी पुरुष असतात, आणि पोती शिवताना दाभण चालविणाऱ्या शेतकऱ्यास धावदोरा जड नाही. आमच्या घरी दुसऱ्या वर्षी तसे केले. एक वाकळ झाली, दोन नव्हे. पुरुषांच्या बाजूचे टाके तिच्यावर अजून ओळखू येतात. ते बेडकाच्या उडीएवढे आहेत.

विक्रीविषयी पुष्कळ भगिनी विचारतात. शहरांत हल्ली हाताच्या गोधड्यांस मागणी आहे हे खरे, आणि ज्यांस चार पैसे हवे आहेत त्यांनी ते जरूर मिळवावेत. पण किंमत ठरविताना दोऱ्याचे व कापडाचे पैसे धरून स्वतःचा वेळ फुकट सोडू नये. किती संध्याकाळी बसलो हे भिंतीवर रेघा ओढून मोजावे आणि रोजगाराच्या दराशी ताडून पाहावे. तेवढे देणारा नसेल तर ती वाकळ घरीच पांघरलेली बरी.

हात कामात असताना तोंड मोकळे असते असे वर म्हटले. त्यासाठी पन्हाळ्याच्याच एका पुत्राकडून आपणास एक खेळ घेता येतो. कवी मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले. गडावरच केशव पाध्ये व गणेश पाध्ये ह्या विद्वान बंधूंपाशी त्यांचे अध्ययन झाले. पुढे ते बारामतीस गेले आणि १७९४ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. पन्हाळ्यावरील ग्रंथालयास त्यांचे नाव दिलेले आहे. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली अशी ख्याती आहे. एकच कथा इतक्या वेळा सांगावयाची तर प्रत्येक वेळी नवी अट घालून घेतल्याशिवाय गोडी कशी राहणार? त्यांतील एकाचे नाव निरोष्ठ रामायण. ज्या अक्षरांच्या उच्चारास ओठ मिटावे लागतात ती अक्षरे त्यात वर्ज्य.

ही अट वाचताना सोपी वाटते. पण प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरे गेली म्हणजे ज्याची कथा सांगावयाची त्या रामाचेच नाव घेता येत नाही! लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमंत गेला, बिभीषण व कुंभकर्ण दोघेही गेले. सीता, दशरथ, कैकेयी अशी काही सुटतात. असल्या शब्दखेळांस टीकाकारांनी पुष्कळ नावे ठेविली आहेत, आणि केवळ काव्य म्हणून पाहता त्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकून देण्यासारखे नाही. परंतु पावसाळ्याच्या रात्री सोप्यात बसलेल्या कुटुंबास ह्याहून चांगला खेळ आम्हास ठाऊक नाही. त्याला पाटी लागत नाही, पैसा लागत नाही, दिवासुद्धा लागत नाही. ज्याचे ओठ मिटले तो बाद.

खेळून पाहावे. पाणी मागता येत नाही; "तहान लागली" म्हणावे लागते. भाकरी, भात, आमटी, मीठ ह्यांपैकी काहीच मागता येत नाही, तेव्हा मूल विचार करते व "तव्यावरची गोल चकती द्या" असे म्हणते आणि सगळे घर हसते. आई, आजी, ताई, दादा, काका, आत्या ह्यांना हाक मारता येते. बाबा, मामा व आजोबा बिचारे ताटकळत राहतात. "आज सकाळी आजी नदीकडे गेली, तेथे तिने एक ससा देखिला," इतकी गोष्ट निर्विघ्न होते. पण पाऊस आला की गोष्ट अडते, आणि मग पावसास दुसरे काय म्हणावे म्हणून धारा, सरी, झड असे शब्द शोधावे लागतात. जुने वैयाकरण उकारासही ओठांच्या वर्गात घालीत. मुलांवर तेवढी सक्ती करण्याचे कारण नाही. शेवटी कोणीतरी विचारते की आपले गाव कोणते, आणि पन्हाळा हे नावही तोंडातून निघत नाही. मोरोपंतांस आपल्याच अटीत आपले नाव सांगता आले नसते, आपले जन्मग्रामही सांगता आले नसते!

मुलांस भाषा शिकविणाऱ्या आमच्या शिक्षक-बंधूंनी ह्या खेळाकडे थट्टा म्हणून पाहू नये. जे मूल चार दिवस असे खेळले त्याला एका वस्तूस चार शब्द असतात हे आपोआप कळते. आणि ज्यांस अक्षर येत नाही ती आजी ह्या खेळात शाळेतल्या नातवास बहुधा हरविते, कारण तिच्यापाशी शब्दांचा साठा मोठा आहे.

त्या साठ्याविषयी आणखी एक गोष्ट. पिठाची गिरणी आली आणि घरातील जाते कोपऱ्यात गेले. त्याबद्दल आम्ही शोक करणार नाही. पहाटे तीनला उठून पायली पायली दळणे ही शिक्षा होती, आणि गिरणीने बायकांची सुटका केली. परंतु जात्याबरोबर ओव्याही उठल्या. हेमा राईरकर व गी पॉयटव्हां ह्या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावी फिरून बायकांच्या तोंडच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. इतक्या झाल्या तरी त्या सगळ्या थोड्याच! तुमच्या आजीने तिच्या भावावर, तिच्या दुष्काळावर, तिच्या सासरच्या वाटेवर जी ओवी जोडली ती त्यांत असेलच असे नाही.

ह्यास उपाय एका शंभरपानी वहीचा. वाकळ चालू असता आजीच्या तोंडून जे निघेल ते शाळकरी मुलाने तिच्याच शब्दांत लिहावे. शुद्धलेखन पुढे पाहता येईल. ओवी, म्हण, कोणत्या साली पूर आला, कोणत्या साली घर पडले, वाकळीतील कोणता तुकडा कोणाचा, सर्व लिहावे. असल्या घरगुती गोष्टींत कोणास काय रस, असे वाटेल त्यांनी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांची आठवण करावी. त्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या. कवी नारायण वामन टिळकांच्या संसारात जे हसू, जी भांडणे, जी उपासमार व जी धावपळ घडली तीच त्यांनी "स्मृतिचित्रे" ह्या पुस्तकात बोलल्यासारखी सांगितली. आणि मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. आपल्या वहीचे पुस्तक होईल असे आम्ही म्हणत नाही. ती डब्यात, वाळवी लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी म्हणजे झाले.

आता वाकळीकडे परत येऊन एक लहान सूचना. पुष्कळ घरी वाकळ अर्ध्यावर पडून राहते, आणि त्याचे कारण आळस नसते. जिला शिवता येते तिची दृष्टी मंद झालेली असते. टाका तिला बोटांनी कळतो, पण सुईचे नेढे दिसत नाही. प्रत्येक दोऱ्याला कोणास तरी हाक मारावी लागते, ती मारण्याचा संकोच वाटतो, आणि काम गुंडाळून ठेवले जाते. म्हणून मुलांनी शाळेस जाण्यापूर्वी दहा-बारा सुयांत दोरा ओवून, गाठ मारून, त्या एखाद्या जाड कापडास टोचून ठेवाव्या. आमच्या घरी हे काम सध्या धाकट्या नातवाकडे आहे. तो आजोबांच्या जुन्या टोपीस सुया टोचतो, सुया बारा भरल्या की नाही ते मोठ्याने मोजतो, आणि ही टोपी वाकळीत कधी जाणार असे रोज विचारतो.